मोठी डिस्क, मूळ रिम आणि थांबण्याचे अंतर

चेक कंपनी स्कोडाने छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे २००१ मध्ये मोटारींची जोडणी सुरू केली, आणि तेथूनच २००४ च्या सुमारास १.८ लिटर टर्बो इंजिनाची, १५० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस बाजारात आली. मराठवाड्याच्या मातीत जोडली गेलेली ही त्या काळातील सर्वांत वेगवान कौटुंबिक मोटारींपैकी एक होय. वीस वर्षांनंतर अशी गाडी सांभाळणाऱ्यांना एका बदलाचा मोह हमखास होतो, तो म्हणजे मूळ रिम तशाच ठेवून त्यांच्या आत मावतील तेवढे मोठे ब्रेक बसवण्याचा. हा बदल शक्य आहे आणि योग्य कारणासाठी केल्यास उपयुक्तही आहे. मात्र त्याच्याभोवती जमलेल्या समजुतींपैकी बऱ्याच चुकीच्या आहेत, आणि ब्रेकच्या बाबतीत चुकीची समजूत जिवावर बेतू शकते.

सर्वांत रुजलेली समजूत अशी की डिस्क मोठी केली की गाडी कमी अंतरात थांबते. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी. कॅलिपर नावाचा चिमटा तिच्या दोन्ही बाजूंनी पॅड दाबतो आणि घर्षणाने चाकाचा वेग उतरतो. गाडी मात्र शेवटी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीमुळे. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या गाडीला, घर्षणांक ०.८ असलेल्या चांगल्या कोरड्या डांबरावर, पॅड पूर्ण लागल्यापासून सुमारे ४९ मीटर लागतात. हाच अंक ०.५ वर आला, म्हणजे टायर कडक झालेले असले किंवा रस्ता ओला असला, तर सुमारे ७९ मीटर लागतात, आणि या गणितात डिस्कचा व्यास कोठेही येत नाही. जे मूळ ब्रेक चाक जाम करू शकतात किंवा एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, चालू करू शकतात, त्यांची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त असते. म्हणून एकाच आपत्कालीन थांबण्यात मोठ्या डिस्कचा लाभ जवळजवळ शून्य असतो.

मग मोठी डिस्क कशासाठी? उष्णतेसाठी. ब्रेक म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र आहे, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने ताशी ८० ऐवजी १२० किलोमीटर वेगावरून थांबताना वेग दीडपट असला तरी उष्णता सव्वादोन पट निर्माण होते. १,४०० किलो वजनाची गाडी ताशी १०० वरून थांबली की सुमारे ५४० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. तिचा ७० टक्के भाग पुढच्या दोन डिस्कमध्ये गेला आणि प्रत्येक डिस्क ७ किलोची धरली, तर एका थांबण्यात तापमान साधारण ६० अंशांनी चढते. हे कोणतीही सुस्थितीतील डिस्क सहज सोसते. कन्नडच्या औट्रम घाटात वारंवार ब्रेक दाबत उतरताना मात्र डिस्क थंड होण्याआधीच पुढचे साठ अंश येऊन पडतात, पॅडचे घर्षण ओसरते आणि पेडल दाबूनही गाडी आवरेनाशी होते. अधिक वजनाची, अधिक हवा खेळवणारी डिस्क नेमकी येथे उपयोगी पडते. मराठवाड्यातीलच हिंगोलीहून वसमत, कळमनुरी किंवा सेनगावला जाणाऱ्याच्या वाट्याला असा उतार क्वचितच येतो. त्याच्या वाट्याला येते ती वळणावर अचानक समोर उभी राहणारी, मागे दिवा नसलेली हळदीची ट्रॉली, आणि तेथे टायर व चालकाची नजरच कामाला येतात.

दुसरी समजूत कॅलिपरमधील पिस्टनच्या संख्येची. चार पिस्टन म्हणजे एकापेक्षा चौपट दाब, असे मानले जाते. प्रत्यक्षात एकच पिस्टन असलेला सरकता कॅलिपर एका बाजूने ढकलतो आणि प्रतिक्रियेने दुसरी बाजूही तेवढ्याच बळाने ओढून आणतो, म्हणून तुलना करायची ती चार पिस्टनवाल्या कॅलिपरच्या एका बाजूच्या दोन पिस्टनशी. ५४ मिलिमीटर व्यासाच्या एका पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे २,२९० चौरस मिलिमीटर भरते, तर ३६ मिलिमीटरच्या दोन पिस्टनचे मिळून सुमारे २,०३६. म्हणजे देखणा, रंगवलेला चार पिस्टनचा कॅलिपर मूळ कॅलिपरपेक्षा कमी जोराने दाबत असू शकतो. उलट पिस्टन फार मोठे घेतले तर त्यांना ढकलायला ब्रेक ऑइल जास्त लागते, पेडलच्या दाबाने ऑइल ढकलणारा मूळ मास्टर सिलिंडर ते तेवढ्याच हालचालीत पुरवू शकत नाही आणि पेडल खोल जाते.

म्हणूनच ऑक्टाव्हियाच्या त्या पिढीसाठी जगभर रूढ झालेला मार्ग शहाणपणाचा वाटतो. याच सांगाड्यावरील काही गाड्यांना २८८ मिलिमीटरच्या डिस्क होत्या, अधिक ताकदीच्या गाड्यांना ३१२ मिलिमीटरच्या. दोन्हींची जाडी २५ मिलिमीटर आणि कॅलिपर तोच, ५४ मिलिमीटर पिस्टनचा. बदलतो तो फक्त कॅलिपरला चाकाच्या मध्यापासून दूर धरणारा ब्रॅकेट आणि डिस्क. पॅडचा दाब तेवढाच राहतो, तो सुमारे १२ मिलिमीटर बाहेर लागू होतो, त्यामुळे पुढच्या चाकांवरचा ब्रेकचा पीळ (टॉर्क) साधारण १० टक्क्यांनी वाढतो. एवढा बदल एबीएस यंत्रणा सामावून घेते. याहून पुष्कळ मोठा बदल केवळ पुढे केला तर पुढची चाके लवकर पकड सोडतात आणि मागच्या ब्रेकची क्षमता वाया जाते.

आता रिमविषयी. १६ इंची रिम म्हणजे आत ४०६ मिलिमीटरची जागा, हा हिशेब फसवा आहे. तो आकडा टायर जेथे बसतो त्या कडेचा असतो; आतील पोकळी त्याहून बरीच लहान असते, आणि डिस्कच्या बाहेर कॅलिपरची पाठ वेगळीच उभी राहते. त्यामुळे ३१२ मिलिमीटरच्या डिस्कला १६ इंची रिम लागते हे खरे, पण प्रत्येक १६ इंची रिम चालते हे खरे नाही. पोकळीत जागा असूनही रिमच्या आऱ्यांची आतील बाजू कॅलिपरच्या तोंडाला घासू शकते, कारण ते अंतर व्यासावर नव्हे तर आऱ्यांच्या वळणावर आणि रिमच्या ऑफसेटवर, म्हणजे हबला टेकणारा तिचा पृष्ठभाग मध्यरेषेपासून किती सरकलेला आहे त्यावर ठरते. पुठ्ठ्याचा साचा कापून तो प्रत्यक्ष रिममध्ये फिरवून पाहणे हाच भरवशाचा उपाय होय. आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजने कॅलिपरला लागत नाहीत ना, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवल्यावर ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, हेही पाहावे लागते. जागा कमी पडली म्हणून स्वस्तातला स्पेसर, म्हणजे रिम बाहेर सरकवणारी चकती, घालणे धोक्याचे, कारण ती हबवर नेमकी बसली नाही तर चाकाचा भार बोल्टांवर येतो.

मूळ रिम टिकवण्यामागे रूपापेक्षा मोठे कारण आहे. २०५/५५ आर १६ टायरची भिंत सुमारे ११३ मिलिमीटर उंच असते, २२५/४५ आर १७ ची सुमारे १०१. काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यानंतर खचतात, आणि तेथील खड्ड्यात ते बारा मिलिमीटर रबर रिम वाचवते. मात्र रिम आतून वाकली तर मोठ्या ब्रेकभोवतीची दोन-तीन मिलिमीटरची मोकळीक तत्काळ संपते. म्हणून प्रत्येक जोरदार आदळण्यानंतर चाक उचलून हाताने फिरवून पाहणे आवश्यक ठरते.

छिद्रे पाडलेल्या डिस्क थंड राहतात, या समजुतीबाबत एवढेच पुरे की छिद्रांनी धातू कमी होतो आणि तडे तेथूनच सुरू होतात. उन्हाळ्यामुळे ब्रेक निकामी होतात, हेही तसेच: कित्येकशे अंशांवर तापणाऱ्या डिस्कला हवेतील पंधरा अंशांचा फरक किरकोळ आहे. खरा शत्रू ब्रेक ऑइलमधील पाणी आहे. हे ऑइल हवेतील ओल शोषते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, तर ओल शोषलेल्याचा प्रमाणित किमान १५५ अंश. ऑइल उकळून वाफ झाली की पेडल नुसतेच खाली जाते, कारण वाफ दबते आणि द्रव दबत नाही, आणि अशा वेळी डिस्क कितीही मोठी असली तरी उपयोग नसतो. वीस वर्षांच्या गाडीत कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाइड पिना अनेकदा धुळीने जाम झालेल्या असतात, रबरी नळ्या आतून फुगलेल्या असतात आणि टायरवरच्या चार आकडी खुणेतून, म्हणजे आठवडा आणि वर्ष यांतून, त्याचे वय उघड होते.

खासगी गाडी असल्याने कोणताही बदल चालतो, ही समजूतही टिकत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल अशा फेरफाराला मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कडक अर्थ लावला आहे. शिवाय नोंदणी १५ वर्षांची असल्याने २००४ च्या गाडीला २०१९ पासून दर पाच वर्षांनी तपासणीसाठी उभे राहावे लागते. म्हणून एमएच ३८ क्रमांकाच्या गाडीच्या मालकाने सुटे भाग मागवण्यापूर्वीच हिंगोलीच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. आणि त्या उत्तराची वाट पाहताना नवे ऑइल, नव्या नळ्या, मोकळ्या केलेल्या पिना व चांगले टायर यांवर खर्च करावा, कारण हे सारे मूळ तपशिलातच बसते आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.