लाल तोंडाचं माकड आणि झडीसारखी लस

एचआयव्हीवरची लस दोन वर्षांत चाचणीला तयार होईल, असं अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी १९८४ मध्ये सांगितलं होतं. लस अजून आलेली नाही. म्हणून 'माकडांवर लस यशस्वी' अशी बातमी आली, की मी दोन गोष्टी विचारतो: माकड कोणतं, आणि यश कशाला म्हटलं?

माकड आपल्या ओळखीचं आहे. काळ्या तोंडाचं वानर नव्हे, लाल तोंडाचं ऱ्हीसस. जुन्या नकाशांत पूर्वेकडे त्याची दक्षिण हद्द गोदावरी, म्हणजे आपल्या सिरोंच्यापाशी. पोलिओ लशीच्या काळात भारतातून, मुख्यतः उत्तरेतून, वर्षाला लाखावर माकडं परदेशी गेली. लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत त्यांचा वापर झाल्याचं उघड झालं आणि १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारनं निर्यात थांबवली. तरी एचआयव्हीच्या संशोधनात अजून भारतीय वंशाच्या ऱ्हीससलाच मान आहे. एचआयव्हीचा भाऊबंद एसआयव्ही त्यांच्यात चिनी वंशाच्या माकडांपेक्षा झपाट्यानं वाढतो. या प्राण्यांचं ऋण लशीच्या बातम्यांत कुणी नोंदवत नाही, हे मला खटकतं.

कॅलिफोर्नियातल्या शेन क्रॉटी यांच्या गटानं २०१९ मध्ये दाखवलं, की लस एकदम टोचण्याऐवजी काही दिवस थोडीथोडी, वाढत्या मात्रेनं दिली तर या माकडांत प्रतिपिंडं कितीतरी चांगली बनतात. धान पिकवणाऱ्याला हे सांगायला नको. तासाभराचा धो धो पाऊस बांध फोडून निघून जातो. झड लागली की पाणी बांधीत मुरतं. लसिकाग्रंथीत तसंच होतं. आधीच्या मात्रेनं तयार झालेली प्रतिपिंडं मागून येणाऱ्या लशीतल्या प्रथिनाला चिकटतात आणि ते ग्रंथीत धरून ठेवतात. तिथे प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींची निवड चालूच राहते; २०२२ च्या प्रयोगात ती सहा महिने चालली!

पण ही प्रतिपिंडं मुख्यतः लशीतल्या विषाणूच्याच वाणाला अडवतात, आणि माणसांत फिरणारे वाण असंख्य. आणि माकडांतलं यश माणसांत उतरतंच असं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत २००५ मध्ये एचआयव्ही लशीची देशातली पहिली मानवी चाचणी सुरू झाली. त्या चाचणीतल्या पद्धतीच्या लशीनं माकडांत जोरदार प्रतिसाद दिला होता. माणसांत तो बेताचाच निघाला.

शिवाय थोड्याथोड्या मात्रेच्या या पद्धतीत भामरागडच्या टोल्यावरच्या माणसाला पंधरवड्यात सात सुया कोण टोचणार? म्हणून २०२४ चा उंदरांवरचा प्रयोग मला मोलाचा वाटतो: आधी २० टक्के मात्रा, सात दिवसांनी उरलेली ८०. दोन खेपा आरोग्यसेविकेला जमतील.