नैसर्गिक किरणोत्सर्ग : ओळख आणि प्रमाण

‘किरणांमुळे अपाय तर होणार नाही ना?’ क्ष-किरण विभागाबाहेर थांबलेल्या नातेवाइकांच्या मनात हा प्रश्न असतो. या भीतीपोटी आवश्यक तपासणी लांबणीवर पडते आणि निदानास विलंब होतो. म्हणून आपल्या नित्य वापरातील वस्तूंमधील किरणोत्सर्गाची माहिती येथे देत आहोत.

आपल्या परिसरातील काळ्या बेसाल्ट पाषाणात युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांचे प्रमाण तुलनेने कमी असते. कामोठ्यातील घरांत ओट्यावर बसविलेल्या ग्रॅनाइटमध्ये मात्र ते अधिक असू शकते. जुन्या गॅसबत्तीच्या मेंटलमध्ये थोरियम असे. निसर्गातील पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंपैकी साधारण एक अणू पोटॅशियम-४० या किरणोत्सर्गी प्रकाराचा असतो. तो केळ्यात, कमी सोडियमच्या मिठात आणि आपल्या देहातही आहे. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात त्याचे सुमारे चार हजार अणू दर सेकंदास विघटन पावतात.

गायगर गणक किरणांची केवळ संख्या नोंदवितो. ते कोणत्या मूलद्रव्याचे, हे सांगत नाही. त्यासाठी गॅमा वर्णपटमापक वापरतात. त्यातील सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर किरण पडताच क्षणभर प्रकाश चमकतो व त्याच्या तीव्रतेवरून किरणाची ऊर्जा कळते. १,४६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ही पोटॅशियम-४० ची खूण, तर २,६१५ ही थोरियमच्या मालिकेतील थॅलियम-२०८ ची. भोवतालच्या भिंतीही किरण देत असल्याने नमुना शिशाच्या कवचात ठेवतात आणि नमुन्याविना घेतलेली नोंद वजा करतात.

किरण आढळले म्हणजे अपाय झाला, असे नव्हे; प्रश्न मात्रेचा असतो. निसर्गाकडून माणसाला वर्षाकाठी जागतिक सरासरीने सुमारे २.४ ते ३ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. छातीच्या एका क्ष-किरण चित्रात ती साधारणतः ०.१ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहूनही कमी असते. यंत्र बंद होताच किरण थांबतात. रुग्ण किरणोत्सर्गी होत नाही. सी.टी. स्कॅनची मात्रा मात्र काही मिलिसीव्हर्टपर्यंत जाते. म्हणून ती तपासणी गरजेपुरतीच करावी आणि गर्भवती महिलांनी आपली अवस्था आधी कळवावी.

अशा यंत्रांच्या सुरक्षिततेवर अणुशक्तिनगर येथील, १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ देखरेख ठेवते. शंका असल्यास नातेवाइकांनी ती आम्हांस निःसंकोच विचारावी. भीतीपोटी तपासणी मात्र टाळू नये, ही विनंती.