मानेतली वाट मोकळी झाल्यावर

सदाशिव पेठेतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे : वडिलांच्या मानेतल्या कॅरोटिड धमनीत साचलेला थर काढला, ऑपरेशन छान झालं, ते घरीही आले, तरी डॉक्टर रोज ‘बीपी किती? डोकं दुखतंय का?’ असं का विचारतात?

पहिली भीती सगळ्यांना ठाऊक असते. थराचा कण किंवा गुठळी मेंदूत गेली, तर जो पक्षाघात टाळायचा तोच ओढवतो. १९९१च्या उत्तर अमेरिकी चाचणीत ५.८ टक्के रुग्णांना ऑपरेशननंतर महिन्याभरात पक्षाघात किंवा मृत्यूने गाठलं. तरीही धमनी फार अरुंद झालेल्यांत त्या बाजूचा पक्षाघात दोन वर्षांत २६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला, म्हणून ऑपरेशन टिकलं. काही ठिकाणी फक्त मान बधिर करून जाग्या रुग्णाच्या विरुद्ध बाजूच्या हातात दाबलं की चूं करणारं रबरी खेळणं देतात. धमनी चिमट्यात धरल्यावर आवाज थांबला, तर मेंदूला रक्त कमी पडतंय हे लगेच कळतं!

पहिल्या काही तासांत मानेत रक्त साकळून श्वासनलिका दबू शकते. तेव्हा टाके तिथल्या तिथे उघडावे लागतात. काहींची जीभ एका बाजूला वळते, आवाज बसतो, पण दुखावलेल्या नसा बहुधा काही महिन्यांत सावरतात.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो प्रवाह उत्तम सुरू झाल्यामुळेच येणारा धोका. वर्षानुवर्षं रक्त कमी मिळालं, की मेंदूतल्या बारीक धमन्या सताड फैलावून राहतात आणि आकुंचन पावण्याची त्यांची क्षमता जाते. अडथळा निघताच पूर्ण दाबाचं रक्त नाजूक केशवाहिन्यांवर आदळतं. कात्रजहून पुण्याच्या पेठांना पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन नळाला दाब सोडायला जागोजागी उच्छ्वास बांधले होते. मेंदूला तसा उच्छ्वास नाही, सगळी मदार आकुंचनावर. मेयो क्लिनिकच्या थोराल्फ सन्ट यांनी १९८१ साली हा प्रकार मांडला. त्यात रक्तदाबावर नजर ठेवणारा शरीराचा संवेदक नेमका ऑपरेशनच्या जागीच असतो, त्यामुळे बीपी आधीच बेभरवशाचं झालेलं असतं.

असं शंभरात एखाद्यालाच होतं, पण बहुधा पहिल्या आठवड्यात, कधी त्याहून उशिरा, म्हणजे रुग्ण घरी असताना. ऑपरेशनच्या बाजूचं डोकं ठणकणं ही पहिली खूण. दुर्लक्ष झालं तर फिट, रक्तस्राव. बीपी वेळीच उतरवलं, तर बहुतेकदा तिथंच थांबतं. तेव्हा वडिलांचं डोकं दुखलं, तर गोळी देऊन संध्याकाळची वाट पाहू नका. बीपी मोजा आणि डॉक्टरांना लगेच फोन करा.