प्रश्न आणि उत्तर यांमधली शांतता

गोसेखुर्द धरणावरच्या वार्ताहराला मुंबईचा निवेदक प्रश्न विचारतो आणि वार्ताहर क्षणभर गप्प दिसतो. त्याला उत्तर येत नाही, असे नव्हे. मग हा वेळ जातो कुठे?

चित्रात १९२० × १०८० बिंदू, प्रत्येक बिंदूला २४ बिट, सेकंदाला २५ चित्रे. गुणाकार सुमारे १२४ कोटी बिट! न बदललेला भाग पुन्हा न पाठवता आपण ते साधारण १ कोटीवर आणतो. या कामालाही वेळ लागतो.

मग क्रमांक घातलेल्या छोट्या पाकिटांतून हे बिट इंटरनेटने ‘क्लाउड’कडे, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या दूरच्या संगणकांकडे जातात. वाटेत काही पाकिटे हरवतात. क्रमांक तुटला की तेवढेच पाकीट पुन्हा मागवतात. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे ९०० किलोमीटर जाऊन परतायला ९ मिलिसेकंद. प्रत्यक्षात याहून जास्तच. हरवलेले पाकीट येईपर्यंत चित्र मुद्दाम रोखून धरावे लागते. कमी रोखले तर चित्र फुटते; जास्त रोखले तर संवाद तुटतो.

वर्गात क्रमांकित चिठ्ठ्या पाठवून, मधली एखादी लपवून, हा खेळ करून पाहावा. किती थांबायचे, हे मुलेच ठरवतील.