आवाज एकीकडे, अशक्तपणा दुसरीकडे
जुनी जीप, दुसरं इंजिन : भाग ७

माउंटिंग बसलं, गिअरबॉक्स जुळला, सेल्फ मारल्यावर इंजिन चालू झालं, इथपर्यंत मागच्या आठवड्यात आलो होतो. आता गाडी रस्त्यावर निघते आणि खंबाटकीच्या पहिल्याच चढाला दोन तक्रारी एकदम सुरू होतात. बॉनेटखालून फसफस किंवा टिकटिक येते आणि गाडी ओढत नाही. बहुतेक जण लगेच दोन्हींची गाठ मारतात: सायलेन्सर लीक आहे, म्हणूनच पिकअप नाही. मग पॅकिंग बदललं जातं, पाइप नवा होतो, आवाज बंद होतो आणि गाडी चढाला तशीच रडते. ही गाठ आधी सोडवायला हवी. लीक नेमकं कुठे आहे हे कळल्याशिवाय अशक्तपणाचं खापर त्याच्यावर फोडू नये.

आपलं उदाहरण ठरलेलंच आहे. महिंद्रा एमएम ५४० मधलं २११२ सीसीचं प्यूजो एक्सडीपी इंजिन काढून बोलेरोचं २५२३ सीसीचं टर्बो डिझेल बसवलेली जीप. जुन्या एक्सडीपीला टर्बो नव्हता. त्याचं मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटलं तर गाडी ओरडायची, वास यायचा, पण जोर फारसा घटायचा नाही. टर्बोच्या इंजिनात हिशोब बदलतो. सिलेंडरमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूचा दाब हाच टर्बोचा खुराक. तो टर्बोच्या आधीच, म्हणजे हेड आणि मॅनिफोल्डच्या सांध्यात किंवा मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या सांध्यात निसटला, तर टर्बाइन मंदावतं, बूस्ट तयार होत नाही आणि गाडी खरोखर दबते. टर्बोच्या पुढे, डाउनपाइपला किंवा सायलेन्सरला भोक असेल तर आवाज कितीही भयंकर असला तरी ताकद तिथून जात नाही. म्हणून पहिला प्रश्न एकच: टर्बोच्या अलीकडे की पलीकडे?

दुसरी खूण धुराची, आणि ती मला सगळ्यात भरवशाची वाटते. चढावर पाय पूर्ण दाबल्यावर मागे कुणाला तरी बघायला सांगा. जोर नाही आणि काळाभोर धूर आहे, तर डिझेल पुरेसं जातंय, हवा कमी पडतेय. टर्बोआधीचं लीक, सुटलेला बूस्टचा होज, चोंदलेला किंवा लहान एअर फिल्टर, आत चेपलेला रबरी पाइप, हे सगळे संशयित याच गटातले. जोर नाही आणि धूरही नाही, तर डिझेलच पोचत नाही. इथे सायलेन्सर उघडण्यात दिवस घालवू नका. आधी ॲक्सिलरेटरची केबल बघा. जुन्या पेडलची चाल आणि नव्या पंपावरच्या लिव्हरची चाल सारखी नसते. आतून पेडल तळाला टेकवायला सांगायचं आणि बाहेरून लिव्हर शेवटच्या स्टॉपर-बोल्टला टेकतोय का ते डोळ्यांनी पाहायचं. बोटभर अंतर राहिलं असेल तर दुखणं सापडलं. त्यानंतर डिझेल फिल्टर, टाकीकडून येणाऱ्या नळीत हवा, आणि पंपावर बूस्टची डबी असल्यास तिची बारीक नळी. ही नळी जोडायची राहून जाते. मग टर्बो व्यवस्थित फिरत असूनही पंप वाढीव डिझेल सोडत नाही.

आता लीक शोधायचं. वेळ सकाळची, इंजिन पूर्ण थंड असताना. आधी टॉर्च मारून सांधे बघा. डिझेलची काजळी खोटं बोलत नाही. जिथून वायू निसटतो तिथे हेडवर काळा पंखा उमटलेला असतो, टोक सांध्याकडे आणि फैलाव बाहेर. मग इंजिन चालू करून कुणीतरी सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओलं फडकं दोन-चार सेकंद धरावं, पूर्ण बंद न करता. मागचा दाब वाढला की फट शिटी मारते. रबरी पाइपचं एक टोक कानाला लावून दुसरं सांध्यांवरून फिरवलं, फॅन आणि पट्ट्यापासून लांब ठेवून, की जागा वीतभरात येते.

थंड असताना टिकटिक आणि दहा-पंधरा मिनिटांनी शांतता, असं असेल तर मॅनिफोल्डचा सांधा धरा. धातू तापून फुगतो आणि फट तात्पुरती बुजते. गरम झाल्यावरही टिकटिक तशीच असेल तर टॅपेट तपासा. एक चकवा मात्र लक्षात ठेवा. इन्जेक्टरखालचा तांब्याचा वॉशर नीट बसला नाही तर तोही त्याच लयीत फसफसतो आणि इन्जेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर जमतो. हे न बघता मॅनिफोल्डचं पॅकिंग पुन्हा पुन्हा बदललेल्या गाड्या गॅरेजला येतात, आणि मालकाच्या खिशाला लागलेली कात्री बघून वाईट वाटतं.

इंजिन बदललेल्या गाडीतच हे सांधे इतके का फुटतात? बिडाचं मॅनिफोल्ड साधारण ४०० मिमी लांब धरा. ते ५०० अंशांनी तापलं की सुमारे २ मिमी लांबतं. हेड पाण्याने थंड राहतं, ते तेवढं लांबत नाही. म्हणून अनेक मॅनिफोल्डची कडेची भोकं मुद्दाम मोठी ठेवलेली असतात, सरकायला जागा मिळावी म्हणून. बाजारातून आणलेल्या इंजिनाचा एखादा स्टड तुटलेला असतो, त्या जागी हाताला लागेल तो जाड बोल्ट ठोकला जातो, भोक गच्च होतं, आणि पुढच्या तापण्या-निवण्यात मॅनिफोल्ड वाकतं किंवा चिरतं. बसवण्यापूर्वी त्याच्या तोंडांवर सरळ पट्टी धरून फिलर गेज घाला. ०.२ मिमीचं पातं सहज शिरलं तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात असो की तुमच्या गावच्या वर्कशॉपात, फेस मारून घ्या. दोन पॅकिंग एकावर एक लावणं हा उपाय नव्हे. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला कसत जायचे आणि गाडी तापून पूर्ण निवल्यावर पुन्हा एकदा टॉर्क बघायचा.

दुसरं कारण डाउनपाइप. नव्या इंजिनाचं तोंड चेसिसच्या पट्टीवर येतं, म्हणून पाइप जागेवर कापून वेल्डिंग होतं. नुसत्या फ्लँजला वेल्डिंग केलं की ती केळीसारखी वाकते. जाड प्लेटला बोल्टने आवळूनच वेल्डिंग करायला सांगा. शिवाय इंजिन रबरावर डुलतं आणि सायलेन्सर चेसिसला टांगलेला असतो. मध्ये जाळीचा लवचिक तुकडा नसेल तर प्रत्येक झटका टर्बोच्या सांध्यावर येतो आणि कितीही चांगलं पॅकिंग घाला, ते फुटणारच. वाळू न भरता वाकवलेला, बेंडमध्ये चपटा झालेला पाइपही वायू अडवून दम काढतो.

पेट्रोल इंजिनवाल्यांसाठी थोडक्यात: ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला मिश्रण पातळ वाटतं आणि ते विनाकारण पेट्रोल वाढवतं. ॲव्हरेज पडतो.

हे सगळं ठीक निघालं आणि तरी सपाट रस्त्यावर गाडी नुसती बोंबलते, वेग घेत नाही, तर तो अशक्तपणा नाही. एक्सडीपीचा स्ट्रोक ८३ मिमी, बोलेरोच्या इंजिनाचा १०१.६. लांब स्ट्रोकचं हे इंजिन कमी फेऱ्यांत काम करतं आणि जुन्या ॲक्सलच्या गिअरिंगला त्याच्या फेऱ्या लवकर संपतात. तिथे डिफरन्शियलच्या रेशोचा विचार करावा लागतो.

तोवर एक काळजी घ्याच. लीक निघेपर्यंत हूड आणि पडदे बंद करून जीप चालवू नका, आणि इंजिन चालू ठेवून आत कुणाला झोपू देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोलच्या धुरात तो जास्त, पण डिझेलच्या धुरातही असतो. फायरवॉलमधली जुन्या वायरिंगची, जुन्या लिंकेजची रिकामी भोकं रबरी ग्रोमेट लावून बुजवा, आणि सायलेन्सरचं तोंड मागच्या बंपरच्या बाहेर काढा.

पुढच्या आठवड्यात रेडिएटर.