परतीच्या वाटेवरचा गंज

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, किंवा इंडिकेटर लावला की त्याच्याच तालावर टेललॅम्पही लुकलुकतो. पावसाळ्यात गॅरेजमध्ये हमखास येणारी ही तक्रार. आधी बल्ब बदलला जातो, मग होल्डर, मग स्विच. दोष मात्र बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये असतो.

गाडीत दिव्याकडे वीज वायरने येते, पण परत जाते ती पत्र्याच्या बॉडीतून. बॅटरीची ऋण बाजू बॉडीला जोडलेली असते आणि दिव्यांच्या परतीच्या तारा एखाद्या स्क्रूने पत्र्यावर आवळलेल्या असतात. त्या स्क्रूखाली पाणी शिरले की गंज धरतो. कोकणात खाऱ्या हवेमुळे तो लवकर धरतो. मग ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेला प्रवाह अडतो आणि शेजारच्या फिलामेंटमधून उलटा शिरून दुसऱ्या बाजूच्या दिव्यांमार्गे बॉडी गाठतो. नको ते दिवे पेटतात ते यामुळे.

हेडलाइटचे गणित पाहण्यासारखे आहे. १२ व्होल्टवर ५५ वॉटचा बल्ब सुमारे ४.६ अँपिअर घेतो. गंजलेल्या जोडाने अर्ध्या ओहमचाच अडथळा आणला, तरी बल्बला जेमतेम १० व्होल्ट मिळतात. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलत असल्याने तो जवळपास निम्म्यावर येतो. रात्री घाटात हा फरक जिवावर बेतू शकतो. अडथळ्याने प्रवाह कमीच होत असल्याने फ्यूजही उडत नाही, म्हणून संशय येत नाही.

मल्टिमीटरही इथे फसवतो. बल्ब काढून होल्डरवर मोजले तर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो. त्यातून नाममात्र प्रवाह वाहतो आणि एवढ्याशा प्रवाहाला गंज जाणवतही नाही. म्हणून दिवा चालू ठेवूनच मोजावे. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी होल्डरच्या अर्थला लावावी. वरच्या उदाहरणात सुमारे १.९ व्होल्ट दिसतील. जोड चांगला असेल तर आकडा शून्याच्या अगदी जवळ असतो.

दुरुस्तीला खर्च जवळजवळ नाहीच. स्क्रू काढून पत्रा आणि तारेचे टोक, दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावे, घट्ट आवळावे, वरून पेट्रोलियम जेली लावावी आणि दिवा पेटवून पुन्हा मोजावे.