व्हिसा कंपनीचा, हक्क तुमचे

अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर काम करणाऱ्या मराठी मंडळींत एक सल्ला हमखास ऐकू येतो : ‘आपण व्हिसावर, आपण गप्प बसावं.’ भीती खोटी नाही, पण तिच्या पोटात बरेच गैरसमज दडलेत.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे भेदभावविरोधी कायदे फक्त नागरिकांसाठी आहेत. १९६४च्या नागरी हक्क कायद्यातलं ‘टायटल सेव्हन’ वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश यांवरून नोकरीत डावलायला मनाई करतं. १५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना ते लागू होतं आणि अमेरिकेत काम करणाऱ्याचा व्हिसा कोणता, हे ते विचारत नाही. कामात अडचण येत नसताना केवळ उच्चारावरून बढती नाकारली, तर तोही भेदभावच. तक्रार केली म्हणून सूड उगवणं हे कायद्याचं वेगळं उल्लंघन धरलं जातं.

मग सगळ्यांना सारखंच संरक्षण आहे का? नाही, आणि हे नीट समजून घ्यायला हवं. नागरिकत्वाच्या दर्जावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धची १९८६ची तरतूद नागरिक, निर्वासित, आश्रय मिळालेले आणि बहुतेक ग्रीनकार्डधारक यांच्यासाठी आहे. त्यात एच-वन-बी बसत नाही. म्हणून जाहिरातीत ‘व्हिसा स्पॉन्सर करणार नाही’ असं लिहिणं कटू असलं तरी बेकायदा नाही. हाच कायदा उलट्या बाजूनेही चालतो. ग्रीनकार्डसाठी राखलेल्या जागांवर अमेरिकेतल्या उमेदवारांना डावलल्याच्या आरोपावरून फेसबुकने २०२१मध्ये १.४२५ कोटी आणि अ‍ॅपलने २०२३मध्ये २.५ कोटी डॉलरपर्यंत रक्कम देण्याची तडजोड केली. परदेशी माणूस पसंत पडण्यामागे त्याची गुणवत्ताच असते असं नाही. तो सहजी नोकरी सोडू शकत नाही, हेही मालकाला ठाऊक असतं.

‘बेंचवर आहेस, पगार मिळणार नाही’ हे तर सरळ बेकायदा. कंपनीकडे प्रोजेक्ट नसला तरी एच-वन-बीवाल्याला ठरलेला पगार द्यावाच लागतो. व्हिसा अर्जाची सरकारी फी आणि त्यासाठीच्या वकिलाची फी पगारातून कापता येत नाही. याची दाद श्रम खात्याकडे मागता येते. नोकरी गेली की दुसऱ्या दिवशी विमान गाठावं लागतं, हाही समज जुना झाला. २०१७पासून साधारणपणे ६० दिवसांपर्यंत मुदत मिळते (आय-९४ या प्रवेशनोंदीवरची मुक्कामाची मुदत त्याआधी संपत नसेल तर), आणि त्या काळात नव्या मालकाने अर्ज दाखल केला की मंजुरीची वाट न पाहता कामावर रुजू होता येतं.

कागदपत्रं नसलेल्यांनाही केलेल्या कामाचं किमान वेतन मिळायलाच हवं, आणि त्यांच्या मुलांना सरकारी शाळेचं दार बंद करता येत नाही. शाळेबाबत सर्वोच्च न्यायालयाने ते १९८२मध्येच ठरवलं.

राहिला गावाच्या सार्वजनिक जीवनातल्या सहभागाचा प्रश्न. नागरिक झाल्याशिवाय राष्ट्रीय निवडणुकीत मतदान नाहीच. त्यासाठी चुकूनसुद्धा मतदार नोंदणी करू नका, देशातून हाकलले जाण्यापर्यंत ते जाऊ शकतं. पण शाळा मंडळाच्या सभेत बोलायला, पालक संघात किंवा वाचनालयात विनामोबदला काम करायला नागरिकत्व लागत नाही. मेरीलँडमधल्या टाकोमा पार्क गावात तर बिगरनागरिक स्थानिक निवडणुकीत मतही देतात. गणेशोत्सवापुरतं एकत्र येणारी मंडळं इथे फार कमी पडतात, असं माझं मत.

पगाराच्या पावत्या, नियुक्तिपत्र, घटनेच्या तारखा स्वतःजवळ जपून ठेवा. सल्ला कंपनीच्या वकिलाचा नको, स्वतंत्र वकिलाचा घ्या, आणि वेळेत घ्या : समान रोजगार संधी आयोगाकडे भेदभावाच्या तक्रारीची मुदत १८० दिवसांची असते, अनेक राज्यांत ३००, आणि ती घटनेच्या दिवसापासून मोजतात.